एक वादळ, दोन याद्या: थोरोंग ला, ऑक्टोबर २०१४

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ आदळलं. जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला, पण पोटातली ओल घेऊन ते उत्तरेकडे सरकत राहिलं आणि दोन दिवसांनी हिमालयाला जाऊन भिडलं. १४ तारखेला नेपाळच्या मनांग आणि मुस्तांग जिल्ह्यांत काही ठिकाणी बारा तासांत पुरुषभर बर्फ पडला. ऑक्टोबर म्हणजे तिथला ट्रेकिंगचा ऐन हंगाम. पावसाळा संपलेला, आभाळ निवळलेलं, वाटेवरची लॉज भरलेली.

अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणारी ट्रेकची वाट. तिच्यावरची सर्वांत उंच जागा थोरोंग ला. ५,४१६ मीटरची ही खिंड. मनांगच्या बाजूने थोरोंग फेदीला किंवा त्याच्या वरच्या हाय कॅम्पला मुक्काम करायचा, पहाटे अंधारात निघायचं, वारा उठायच्या आत खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरायचं, असा तिथला शिरस्ता. त्या पहाटेही लोक निघाले. वर पोचेपर्यंत पुढचा माणूस दिसेनासा झाला होता. काहींनी माथ्यावरच्या चहाच्या खोपटात दाटीवाटीने आसरा घेतला, काही उतरत राहिले. मुक्तिनाथकडच्या उतारावर वाट चुकून, गारठून, हिमस्खलनात सापडून बरेच जण गेले.

त्याच वादळात पश्चिमेला, काली गंडकी नदीच्या पलीकडे, धौलागिरी शिखराच्या बेस कॅम्पवर हिमस्खलन झालं. त्यात स्लोव्हाकियाचे दोन गिर्यारोहक आणि त्यांच्याबरोबरचे तीन नेपाळी गेले. मनांगच्याच उत्तरेला, फू गावाच्या बाजूला चार कॅनेडियन ट्रेकर हिमस्खलनात सापडले. नार गावाजवळ तीन याकपाळांचे मृतदेह बर्फातून काढले गेले. नेपाळी सैन्याच्या आणि खासगी हेलिकॉप्टरांनी पुढच्या काही दिवसांत पाचशेहून अधिक माणसं खाली आणली. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी किमान ४३ असा दिला जातो. नेपाळ, भारत, इस्रायल, कॅनडा, पोलंड, स्लोव्हाकिया अशा अनेक देशांची माणसं त्यात होती. तेव्हाचे पंतप्रधान सुशील कोइराला यांनी हवामानाचा आगाऊ इशारा देणारी यंत्रणा हवी, असं म्हटलं. नेपाळमधली सर्वांत मोठी ट्रेकिंग दुर्घटना म्हणून हे वादळ ओळखलं जातं.

आता प्रश्न असा, की या ४३ पैकी ट्रेकिंगमधले मृत्यू किती आणि गिर्यारोहणातले किती?

प्रश्न कारकुनी वाटतो. मलाही वाटला होता. डोंगरातल्या अपघातांच्या नोंदी नीट लावायच्या म्हणून मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा अर्ध्या तासाचं काम आहे असं समजून बसलो होतो. दोन रकाने आखले, नावापुढे खूण करत गेलो आणि सहाव्या-सातव्या ओळीला हात थांबला. तेव्हापासून हे वादळ मी कसोटीसारखं वापरतो. कोणी वर्गीकरणाचा नवा नियम सुचवला की तो १४ ऑक्टोबरला लावून बघायचा. बहुतेक नियम याच दिवशी मोडतात.

पहिला नियम सगळ्यांना सुचतो तो उंचीचा. अमुक मीटरच्या वर गिर्यारोहण, खाली ट्रेकिंग. धौलागिरीचा बेस कॅम्प साधारण ४,७४० मीटरवर आहे. म्हणजे गिर्यारोहक ज्या जागी गेले, त्याहून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर ट्रेकर खिंड ओलांडत होते. थोरोंग ला तर एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कॅम्पपेक्षाही, म्हणजे ५,३६४ मीटरपेक्षाही वर आहे. दुसऱ्या टोकाला युरोपातलं मॅटरहॉर्न अवघं ४,४७८ मीटरचं, आणि तिथे पडलेल्या माणसाला ट्रेकर म्हणायला कोणी धजणार नाही. उंची शरीराला कळते, हेतूला कळत नाही. फुप्फुसात पाणी होऊन माणूस गेला तर उंची हे कारण म्हणून लिहावं, पण त्यावरून तो कोण होता ते ठरत नाही.

दुसरा नियम साधनांचा. दोर, क्रॅम्पॉन म्हणजे बुटांना लावायचे काटे, आईस ॲक्स म्हणजे बर्फाची कुऱ्हाड वापरली की गिर्यारोहण. ऐकायला हा पक्का वाटतो, कारण विम्याच्या कागदांत बहुधा अशीच भाषा असते: दोर किंवा वाटाड्या लागणारी चढाई वगळून, अमुक उंचीपर्यंतचं चालणं धरून. पण बर्फ पडलेली खिंड ओलांडताना बुटांना काटे लावणारे ट्रेकर कमी नाहीत. एव्हरेस्टच्या भागातल्या, सोलुखुंबूतल्या चो ला खिंडीवर ट्रेकचीच वाट हिमनदीवरून जाते. उलट धौलागिरीच्या बेस कॅम्पवर तंबूत असलेल्या माणसाच्या अंगावर यातलं काहीच नसतं. मृत्यूच्या क्षणी हातात काय होतं यावर यादी ठरवली, तर त्या दिवशी धौलागिरीवर एकही गिर्यारोहक गेला नाही असं लिहावं लागेल.

तिसरा नियम जरा फसवा आहे आणि शहाणी माणसंही त्याला भुलतात. तो म्हणतो, परिस्थिती बघा. एरवी थोरोंग ला ही दमवणारी पण सरळ पायवाट असेल. त्या दिवशी मात्र तिथे पुरुषभर बर्फ, शून्य दृश्यमानता आणि हिमस्खलनाचा धोका होता. अशा वेळी तिथे टिकायला गिर्यारोहकाचं कौशल्य लागत होतं. मग तो मृत्यू गिर्यारोहणातलाच नव्हे काय?

या युक्तिवादात एक खोट आहे. माणूस गेला, म्हणून वाट अवघड होती. वाट अवघड होती, म्हणून ते गिर्यारोहण. आणि गिर्यारोहण, म्हणून ट्रेकिंगच्या यादीतून वजा. असं करत गेलं तर वादळात, बर्फात, दरड कोसळून गेलेला प्रत्येक ट्रेकर मेल्यानंतर गिर्यारोहक होईल. ट्रेकिंगच्या यादीत उरतील ते फक्त स्वच्छ उन्हात हृदयविकाराने गेलेले. यादी वाचणाऱ्याला वाटेल, ट्रेकिंग किती सुरक्षित! १४ ऑक्टोबरला जो धोका त्या वाटेवर प्रत्यक्ष उतरला, तो त्या वाटेचाच धोका होता. बंगालच्या उपसागरातली वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयापर्यंत येतात, हे २०१४ साली कळलं असंही नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये अशाच बर्फात गोक्यो खोऱ्यातल्या पांगा इथे मुक्कामाच्या जागेवर हिमस्खलन होऊन १३ जपानी ट्रेकरांसह २६ जण गेले होते. ते झोपेत होते.

चौथा नियम कागदाचा, म्हणजे परवान्याचा. हा मला बराच काळ पुरेसा वाटत होता. नेपाळमध्ये धौलागिरीसारख्या मोठ्या शिखरांचा परवाना पर्यटन विभाग देतो, मोहिमेबरोबर संपर्क अधिकारी नेमला जातो, सदस्यांची नावं अर्जात असतात. अन्नपूर्णा भागात फिरणाऱ्या परदेशी ट्रेकरला संरक्षित क्षेत्राचं प्रवेशपत्र लागतं आणि २००८ पासून टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरचं नोंदणीपत्र. हे कार्ड आलं त्यात एक हेतू हाच होता, की कोण कुठे आहे ते संकटाच्या वेळी कळावं. खिशातला कागद बघा आणि खूण करा. वाद संपला.

संपला नाही, याला कारण ‘ट्रेकिंग पीक’ नावाची वस्तू. नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनकडे १९७८ मध्ये अठरा शिखरं सोपवली गेली. त्यांच्यासाठी परवाना सुटसुटीत, संपर्क अधिकारी नाही, शुल्क कमी. त्यांना ट्रेकिंग पीक म्हणू लागले. पुढे यादीत आणखी शिखरं आली. हे नाव प्रशासनाच्या सोयीचं आहे, डोंगराच्या स्वभावाचं नाही. थोरोंग ला ज्या सर्किटवर आहे, त्याच सर्किटच्या डोक्यावर ६,०९१ मीटरचं पिसांग शिखर आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे एका गटातले ११ जण घसरून गेले. अंगाला दोर, पायाला क्रॅम्पॉन, सहा हजार मीटरच्या आसपासचा बर्फाळ उतार. कागदावर मात्र ‘ट्रेकिंग पीक’. नुसत्या शब्दावर जाऊन कोणी ही अकरा नावं ट्रेकिंगच्या रकान्यात टाकली, तर काय होतं बघा.

१९८९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात नेपाळमधल्या ट्रेकरांच्या मृत्यूंचा एक अभ्यास आला. १९८४ ते १९८७ मधली सुमारे साडेतीन वर्षं, १,४८,००० ट्रेकिंग परवाने, २३ मृत्यू. लाखामागे साधारण १५. त्यातले निम्मे, म्हणजे ११, पडून किंवा मार लागून, आठ आजाराने, उंचीच्या आजाराने तीन. उंचीचा बागुलबुवा सगळ्यांना दाखवला जातो, पण त्या यादीत पाय घसरणं कितीतरी पुढे होतं. आता हिशेबापुरतं समजा, की पिसांगसारखी एकच दुर्घटना त्या काळात झाली आणि ती चुकून इथे धरली. २३ चे ३४ झाले, लाखामागे १५ चे २३. एका चुकीच्या खुणेने ट्रेकिंग दीडपट जीवघेणं झालं.

हीच अकरा नावं दुसऱ्या बाजूला टाकून बघा. एव्हरेस्टवरच्या १९२१ ते २००६ मधल्या मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एकूण मृत्यू २१२, त्यातले बेस कॅम्पच्या वरचे १९२. वर गेलेल्या माणसांच्या मानाने हे प्रमाण १.३ टक्के, म्हणजे लाखामागे तेराशे. १९२ मध्ये ११ मिळवले तर फारसं काही हलत नाही. चूक तीच, पण छोट्या आकड्याला ती सोसत नाही.

या दोन अभ्यासांकडे टक लावून बसलो असताना मला पाहिजे तो नियम सापडला, आणि तो डोंगरातला नव्हता, चौथीच्या अपूर्णांकातला होता. वर अंश, खाली छेद. दोन्ही अभ्यासांतला छेद स्पष्ट आहे: एकात परवाने घेतलेले ट्रेकर, दुसऱ्यात बेस कॅम्पच्या वर गेलेले चढाईकर. अंशात तोच माणूस येऊ शकतो, जो छेदात होता. एव्हरेस्टच्या अभ्यासाने २१२ पैकी २० मृत्यू दराच्या हिशेबातून बाजूला ठेवले. ते मृत्यू कमी दर्जाचे होते म्हणून नाही. ते बेस कॅम्पला किंवा त्याच्या खाली झाले होते आणि छेद वर गेलेल्यांचा होता, एवढंच.

म्हणून मृताच्या नावापुढे बसून मी आता एकच प्रश्न विचारतो. हा माणूस त्या दिवशी सुखरूप परत आला असता, तर आपण त्याला कोणाच्या संख्येत धरलं असतं? जिवंतपणी ज्या यादीत तो मोजला गेला असता, त्याच यादीत त्याचा मृत्यू. मृत्यूने माणसाची यादी बदलता कामा नये.

हा नियम १४ ऑक्टोबरला लावू.

मुक्तिनाथच्या उतारावर गेलेले परदेशी ट्रेकर परत आले असते, तर त्या हंगामात खिंड ओलांडणाऱ्या हजारोंपैकी एक झाले असते. ट्रेकिंग. वादळ कितीही भयंकर असो. फूजवळचे कॅनेडियनही ट्रेकिंगमध्येच. नार-फू हा वेगळा परवाना लागणारा भाग आहे, तिथे एकट्याला जाता येत नाही, पण त्याने प्रकार बदलत नाही.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण याच खोऱ्यात नऊ वर्षांपूर्वी जे झालं ते शेजारी ठेवलं की नियमाची धार लागते. २० ऑक्टोबर २००५ ला कांगुरू शिखराच्या बेस कॅम्पवर हिमस्खलन झालं. उंची सुमारे ४,२०० मीटर. सात फ्रेंच आणि अकरा नेपाळी, एकूण १८ जण गेले. तेही तंबूत होते, बर्फ थांबायची वाट बघत होते. चढाई चालू नव्हती. खोरं तेच, महिना तोच, कारण तेच. तरी कांगुरूचे अठरा गिर्यारोहणात आणि फूचे चार ट्रेकिंगमध्ये. एखाद्या नातेवाइकाला हे पटवून सांगायची वेळ आली तर मला अवघड जाईल, एकाच बर्फाखाली गेलेल्यांची अशी वाटणी ऐकायला बरी वाटत नाही. पण कांगुरूची माणसं ६,९८१ मीटरच्या शिखरावर निघालेली मोहीम होती. परत आली असती तर मोहिमेच्या नोंदीत आली असती, शिखर मिळो न मिळो. आणि बेस कॅम्पवर तळ ठोकून बसणं हा मोहिमेचाच धोका आहे. ट्रेकर त्या जागी एक-दोन रात्री असतो, मोहीम आठवडेच्या आठवडे.

धौलागिरीवरचे दोन स्लोव्हाक याच न्यायाने गिर्यारोहणात. फक्त एक पोटनोंद हवी: स्थान बेस कॅम्प. कोणी ‘बेस कॅम्पच्या वर’ असा छेद घेऊन दर काढायला बसला, तर त्याला ते वगळता आले पाहिजेत आणि आपल्याला मात्र ते यादीतून गायब करायचे नाहीत. गंमत अशी, की धौलागिरी सर्किट नावाचा ट्रेक याच बेस कॅम्पवरून पुढे फ्रेंच खिंडीकडे जातो. त्या दिवशी तिथे ट्रेकरांचा तंबू शेजारी असता आणि त्याच हिमस्खलनात सापडला असता, तर एका घटनेच्या दोन ओळी दोन याद्यांत गेल्या असत्या. त्यात विसंगती काही नाही. एकाच पुरात शेतकरीही वाहून जातो आणि वाटसरूही.

त्यांच्याबरोबरचे तीन नेपाळी मोहिमेच्या नोकरीत होते. गिर्यारोहण, पण ‘सदस्य’ या रकान्यात नाही, ‘पगारी कर्मचारी’ या रकान्यात. हा फरक एलिझाबेथ हॉली यांनी काठमांडूत बसून अनेक दशकं ठेवलेल्या नोंदींतून रुळला. १९६० मध्ये तिथे स्थायिक झालेल्या या अमेरिकन पत्रकार बाई जवळजवळ प्रत्येक मोहिमेला हॉटेलवर गाठून प्रश्न विचारायच्या. त्यांच्या नोंदींवर उभ्या राहिलेल्या हिमालयन डेटाबेसमध्ये सदस्य आणि पगारी माणसं वेगवेगळी मोजली जातात. तिथली एक गोष्ट मात्र मला खटकते. ट्रेकिंग पीकवरच्या मोहिमा त्यात सरसकट नाहीत. सुरुवातीचे प्रयत्न, पहिल्या चढाया आणि मोठे अपघात एवढेच घेतले आहेत. म्हणजे अपघात आला, पण त्याच शिखरावर हसतखेळत जाऊन आलेले हजारो आले नाहीत. अंश आहे, छेद नाही. ती त्यांची चूक नव्हे, त्यांनी मर्यादा सांगून ठेवली आहे. पण त्यातून पिसांगचा मृत्यूदर काढायला जो बसेल तो तोंडघशी पडेल.

इथपर्यंत नियम चालला. आता त्या सहाव्या-सातव्या ओळीकडे येतो, जिथे माझा हात थांबला होता.

थोरोंग लावर नेपाळी गाईड आणि भारिया, म्हणजे ओझी वाहणारी माणसंही गेली. ती सुखरूप परतली असती तर कोणाच्या संख्येत आली असती? टिम्स कार्ड परदेशी पाहुण्याचं. १,४८,००० परवाने पाहुण्यांचे. पाहुण्याची पिशवी पाठीवर घेऊन तीच खिंड हंगामात सात वेळा ओलांडणाऱ्याचं नाव फार तर एजन्सीच्या वहीत, आणि बाजारातून थेट ठरवलेल्या भारियाचं तेही नाही. माझा नियम त्याला लावला की उत्तर येतं: कोणाच्याच नाही. ‘ट्रेकिंगमध्ये लाखामागे १५ मृत्यू’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं, पण त्या १५ मध्ये भारिया नाही आणि त्या लाखातही नाही.

यावर सोपी पळवाट म्हणजे त्यांना ट्रेकरांच्या रकान्यात टाकून देणं. बातम्यांनी तेच केलं. कुठे ‘ट्रेकर’, कुठे ‘गिर्यारोहक’, सगळे एका पोत्यात. मी तसं करत नाही. पाहुण्यांच्या छेदावर कामगारांचा अंश चढवला तर पाहुण्यांचा धोका फुगतो आणि कामगारांचा दिसेनासा होतो. त्यांच्यासाठी वेगळी ओळ: ट्रेकिंग, पगारी कर्मचारी. छेदाच्या जागी रेघ. रेघ बघून कोणीतरी विचारेल, ही जागा रिकामी का? विचारू दे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या रोग-अपघात संकेतांमध्ये ही सोय आधीपासून आहे: चालणं-भटकणं याला एक संकेत, डोंगर चढण्याला दुसरा, आणि ते पैशांसाठी केलं की कसं यासाठी पूर्णपणे वेगळा. दोन प्रश्न दोन जागी विचारले की निम्मे वाद आपोआप मिटतात.

पैशांचा मुद्दा इथे आलाच आहे. त्याच वर्षी १८ एप्रिलला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले होते. सरकारने आधी घरटी ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले, त्यावर संताप उसळला, आणि उंचीवर काम करणाऱ्यांचा किमान विमा १० लाखांवरून १५ लाखांवर गेला. ही वाढ मोहिमांवर काम करणाऱ्यांची. सहा महिन्यांनी थोरोंग लावर ओझं घेऊन निघालेला भारिया एव्हरेस्ट बेस कॅम्पपेक्षा उंच जागी होता, पण ‘उंचीवरचा कामगार’ नव्हता. कोणत्या रकान्यात खूण होते यावर घरी काय पोचतं ते ठरतं, ते असं.

नार गावचे तीन याकपाळ. त्यांच्याबद्दल नियम स्वच्छ बोलतो. ते ट्रेकर नव्हते, गिर्यारोहक नव्हते. ते आपल्या गावच्या कुरणात आपल्या जनावरांमागे होते. परत आले असते तर मनांग जिल्ह्याच्या खानेसुमारीत एरवीसारखे राहिले असते. दोन्ही याद्यांतून बाहेर. पण वादळाच्या यादीत आहेत, आणि ४३ हा आकडा वादळाचा आहे, खेळाचा नाही. ‘ट्रेकिंग दुर्घटनेत ४३ बळी’ असं जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा हे तीन याकपाळ आणि धौलागिरीवरचे पाच मुकाट्याने ट्रेकर होऊन जातात. पहिल्या आठवड्यातल्या बातम्यांत प्रत्यक्ष ट्रेकरांचा आकडा किमान २१ असा येत होता. एकूण आणि ट्रेकर यांच्यातली ती दरी म्हणजे गाईड, भारिया, याकपाळ आणि मोहिमेची माणसं.

एक कल्पित उदाहरण घेतो, कारण सर्किटवर ते नेहमी संभवतं. समजा, सर्किटवरच्याच चुलू वेस्ट शिखराचा परवाना असलेला कोणी हवेची सवय व्हावी म्हणून आधी थोरोंग फेदीपर्यंत चालत गेला आणि वादळात सापडला. त्याच्याकडे दोन्ही कागद आहेत. परत आला असता तर दोन्ही संख्यांत आला असता. इथे मी मोहिमेच्या बाजूने झुकतो: गिर्यारोहण, टप्पा पायथ्याकडची वाटचाल. तो तिथे त्या दिवशी होता तो शिखरासाठीच. माझ्या ओळखीचे एक जुने नोंदकर्ते याच्या उलट मताचे आहेत. ते म्हणतात, जोवर पाय शिखराच्या वाटेवर पडला नाही तोवर तो ट्रेकर. त्यांच्याशी माझा वाद मिटलेला नाही, पण ‘टप्पा’ हा रकाना ठेवायला दोघांचीही हरकत नाही. तो असला की त्यांना त्यांची यादी काढता येते, मला माझी.

आणि जिथे माझा नियम गळतो ती जागाही सांगून टाकतो. ८ ऑक्टोबर २००८ ला एव्हरेस्टच्या भागातल्या लुक्ला विमानतळावर उतरताना एक छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १८ जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. प्रवासी बहुतेक परदेशी पर्यटक होते, आणि लुक्लाला पर्यटक जातो तो चालायलाच. विमान नीट उतरलं असतं तर त्या हंगामातल्या ट्रेकरांच्या मोजणीत ते आले असते. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘ट्रेकिंग’ येतं, आणि ते चुकीचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून नियमाला एक जोड द्यावी लागली: पहिलं पाऊल पडल्यापासून ते वाट संपेपर्यंत. विमान, जीप, बस, काठमांडूचं हॉटेल बाहेर. वाटेवर आजारी पडून नंतर रुग्णालयात गेलेला आत, कारण आजार वाटेवरचा आहे. थोरोंग लाहून हेलिकॉप्टरने खाली आणलेला कोणी नंतर दगावला तर तो त्याच दिवसाच्या ओळीत जाईल, रुग्णालयाच्या नव्हे.

माझ्या वहीत १४ ऑक्टोबर २०१४ च्या पानावर आता दोन रकाने नाहीत. प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी आहेत: कशासाठी निघाला होता, पगारी की स्वतःच्या हौसेने, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या उंचीवर, कशाने गेला. ट्रेकिंग की गिर्यारोहण हे पहिल्या गोष्टीवरून निघतं, बाकीच्या चार तिला हात लावत नाहीत. धौलागिरीच्या पाच ओळी गिर्यारोहणात, त्यातल्या तीन पगारी. फूच्या चार आणि मुक्तिनाथच्या उतारावरच्या पाहुण्यांच्या ओळी ट्रेकिंगमध्ये. गाईड-भारियांच्या ओळी ट्रेकिंगमध्ये, पगारी, छेदापुढे रेघ. नारच्या तीन ओळी पानाच्या तळाशी आहेत. त्यांच्या पहिल्या रकान्यात लिहिलं आहे: याक चारायला.